वाटेतून बाजूला

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझा पेला सरकवत होते.

डोंबिवलीला एमआयडीसीच्या निवासी भागात त्यांची बंगली होती. तिचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतलेला. सामानाचा टेम्पो नुकताच गेलेला, मी खोक्यांमधून वाट काढत टीपॉयवर पाण्याचा पेला ठेवला, तेवढ्यात दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ आले. पांढरा लेंगा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायांत घरात घालायच्या रबरी चपला. "मी खाली राहतो. घरमालक वगैरे म्हणू नका. मला सगळे सर म्हणतात," असं म्हणत ते आत आले, टीपॉयच्या कडेचा माझा पेला दोन बोटांनी उचलून मधोमध ठेवला आणि पाणी किती वाजता येतं, कचऱ्याची गाडी कधी येते ते सांगायला लागले. बोलता बोलता त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावरचं घड्याळ आत घेतलं, भिंतीला टेकवलेला आरसा उचलून जमिनीवर आडवा निजवला आणि खुर्चीवरून लोंबणारं माझ्या ओढणीचं टोक वर टाकलं. विचारणं नाही, काही नाही. बोलणं चालूच.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "हे आपलं घर लावायला आलेले का?"

पुढे कळलं की हे सगळीकडेच असं असतं. माणसं बोलताना हातवारे करतात, तसे सर वस्तू सरकवायचे. कडेची वस्तू आत, टोक असेल तर ते भिंतीकडे, गरम असेल तर मागे. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात गेले की फळीवरच्या बरण्या ढकलून यायचे. वाणी वैतागायचा नाही. "सर येऊन गेले, आज काही फुटत नाही," असं गिऱ्हाइकांना सांगायचा. एका लग्नात मात्र त्यांनी नवरीच्या मावशीच्या पदराजवळची समई पेटतीच उचलली आणि भिंतीशी नेऊन ठेवली. मावशींनी अपशकुन झाला म्हणून डोळ्यांना रुमाल लावला. सर म्हणाले, "पदर पेटला असता तर तो शकुन झाला असता का?" त्या लग्नात सर जेवले नाहीत. ते थांबले नाहीत की त्यांना थांबवलं नाही, याबद्दल कॉलनीत दोन मतं आहेत.

कल्याणला स्टेशनजवळच्या एका हॉटेलातली गोष्ट त्यांनी स्वतःच मला सांगितलेली. समोर बसलेल्या तरुणाचा मोबाइल टेबलाच्या अगदी कडेला होता. सरांनी तो बोटाने आत ढकलला. त्याने सरांचा हातच धरला.

"ओ काका, काय चाललंय? मोबाइल उचलताय काय?"

"उचलत नाही. सरकवतोय."

"कशाला पण? तुमचा आहे काय?"

"पडला असता."

"पडला तर माझा पडेल ना. तुम्हाला काय टेन्शन?"

मालक आला, वेटर आला, शेजारच्या टेबलावरची माणसं मिसळ ठेवून बघायला लागली. सरांनी त्या सगळ्यांना 'आउट ऑफ हार्म्स वे' या इंग्रजी शब्दप्रयोगाचा अर्थ समजावून सांगितला.

"मग?" मी विचारलं.

"मग त्याने मोबाइल खिशात घातला. म्हणजे अर्थ कळला त्याला. वर्गात सगळ्यांना इतक्या लवकर कळत नसे."

सरांची सगळी नोकरी कल्याणजवळ मोहन्याला गेली. तिथल्या शाळेत कामगारांच्या मुलांना त्यांनी इंग्रजी शिकवलं. व्याकरणापेक्षा त्यांचा जीव शब्दप्रयोगांवर, आणि शब्दप्रयोगांमध्ये या एकावर. मी तेव्हा घरीच असायचे. ईरा पोटात होती, डॉक्टरांनी जिने कमी करा म्हणून सांगितलेलं, त्यामुळे सरच संध्याकाळी वर यायचे. माझं इंग्रजी बेताचं. हे कळल्यावर त्यांना बरं वाटलं असावं.

"हार्म म्हणजे इजा. वे म्हणजे वाट. इजेची एक वाट असते. त्या वाटेत आपण उभं राहायचं नाही, एवढंच ते म्हणतात."

"म्हणजे धोका टाळायचा," मी म्हटलं.

"टाळायचा नाही. टाळणं म्हणजे धोक्याकडे बघत बसणं आलं, भिणं आलं. इथे भ्यायचं नाही, पळायचं नाही. गाडी येतेय, आपण एक पाऊल बाजूला. गाडी तिच्या वाटेने गेली, आपण आपल्या. भांडण नाही काही."

मग मी 'अध्यात ना मध्यात' असा प्रतिशब्द काढला. सरांनी लगेच मान हलवली. तो म्हणे अंग काढून घेणाऱ्याचा शब्द. रस्त्यात पोर उभं असेल तर अध्यात ना मध्यात वाला बघत उभा राहतो. आणि इंग्रजी प्रयोगात तर बहुतेक वेळा दुसऱ्यालाच बाजूला करायचं असतं. "मुलांना बाजूला ने, म्हाताऱ्यांना बाजूला ने, असं वापरतात बघ. स्वतः बाजूला झाला आणि गप्प बसला, असं फार कमी."

आणखी एक गंमत त्यांना फार आवडायची. फुलदाणी फुटू नये म्हणून ती वरच्या फळीवर ठेवली, तरी प्रयोग तोच, आउट ऑफ हार्म्स वे. सुरी कोणाला लागू नये म्हणून वरच्या फळीवर ठेवली, तरी तोच. "ज्याला लागेल त्याचीही सोय आणि ज्याचं लागेल त्याचीही. एकाच फळीवर दोघं. मराठीत असं सापडत नाही मला."

मोहन्याला एकदा त्यांनी परीक्षेत या प्रयोगाचं वाक्य करायला दिलं. एका मुलाला तो रस्त्याचं नाव वाटला. त्याने लिहिलं, माझे काका हार्म्स वेच्या बाहेर, शहाड स्टेशनजवळ राहतात. सरांनी पूर्ण मार्क दिले. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, तर म्हणाले, "वाक्य बरोबर आहे. काका सुखरूप आहेत. आणखी काय पाहिजे?"

त्यांचं स्वतःचं घर बघण्यासारखं होतं. भिंतीवर वरच्या बाजूला काहीच टांगलेलं नाही. कपाटाला मागून पट्टी मारून ते भिंतीत ठोकलेलं. खिडक्यांच्या काचांवर आतून चिकटपट्टीच्या फुल्या. आमच्या रस्त्याच्या पलीकडे थोड्या अंतरावर कारखाने सुरू होतात. कधी कुजल्यासारखा वास येतो, कधी औषधासारखा, आणि वास आला की खिडक्या लावायच्या, हे तिथे कोणाला शिकवावं लागत नाही. पण काचांना पट्ट्या लावणारे सर एकटेच. आमच्याही काचांना लावून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. नवे पडदे शिवलेले, त्यांच्यामागे त्या फुल्या कशा दिसल्या असत्या. सरांनी आग्रह केला नाही. त्यांचा आग्रह नेहमी हाताने असायचा, तोंडाने नाही.

घरात ते कायम चपला घालून असायचे. काच फुटली तर पायात जाऊ नये म्हणून. देवाच्या खोलीतसुद्धा. "देवाला माहीत आहे," म्हणायचे.

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा आणि सून ठाण्याला असतात, तीन खोल्यांचा फ्लॅट आहे, बोलावतात, एवढं आम्हाला ठाऊक होतं. बायको गेल्यावर सर काही महिने तिकडे राहायला गेलेले आणि परत आलेले. मी एकदा विचारलं, "सर, तिकडे करमत नाही का?" तेव्हा ते माझ्या शिवणाच्या डब्याचं झाकण लावत होते. "करमतं की. मुलं चांगली आहेत. माझी तिथे अडचण होते." मला वाटलं, सूनबाई काही बोलल्या असतील. माणूस असाच विचार करतो. मी मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या बाईवर रागही धरला.

ईरा झाली आणि माझ्या सासूबाई साताऱ्याकडून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांनी येताना स्टँडचा लोखंडी पाळणा आणला, खाली चाकं असलेला. हॉलमधल्या मोठ्या सरकत्या खिडकीखाली त्यांनी तो लावला, कारण वारा तिथेच यायचा आणि आमच्याकडे शुक्रवारी दिवसभर लाइट जायची.

सर बाळाला बघायला आले. बाळाच्या हातावर झबलं-टोपडं ठेवलं, ती कोणासारखी दिसते यावर दोन शब्द बोलले आणि बोलता बोलताच एका हाताने पाळणा ढकलत पार आतल्या कोपऱ्यात नेला.

सासूबाई बघत राहिल्या. सर जिना उतरल्याचा आवाज आला तशा उठल्या आणि पाळणा पुन्हा खिडकीखाली आणला. "वाऱ्याबिगर पोरगी झोपंल का?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सर यायचे, "काय वहिनी, बरं आहे ना?" असं विचारायचे आणि पाळणा कोपऱ्यात. सर गेले की पाळणा खिडकीशी. दोघांनी या विषयावर एकमेकांना एक शब्द कधी ऐकवला नाही. उलट सासूबाई त्यांना आल्याचा चहा करून द्यायच्या आणि ते त्यांच्यासाठी नारळ सोलून आणायचे. मधल्या मध्ये पोरगी आपली हॉलभर प्रवास करत होती. नवरा हसायचा. मला मात्र हळूहळू याचा जाच व्हायला लागला. रात्रीची झोप नाही, दिवसा पोरगी जेमतेम डोळा लावते आणि कोणीतरी येऊन पाळणा हलवतं. एकदा ती त्या हलवण्यानेच उठली आणि तासभर रडली. मी सरांना काही बोलले नाही, पण त्यांनी ओळखलं असावं. त्यानंतर ते यायच्या आधी फोन करायला लागले.

उन्हाळ्यात भावकीतल्या लग्नासाठी सासूबाई गावी गेल्या. घरात मी आणि ईरा. नवरा रोज सकाळी ठाण्याला जायचा, खोपटला त्याचं ऑफिस होतं.

त्या दिवशी दुपारचं जेवण उरकून मी भांडी घासत होते. ईरा खिडकीखाली झोपलेली. सरांचा फोन आला. रत्नागिरीहून कोणीतरी आंब्याची पेटी पाठवलेली, त्यातले थोडे घेऊन वर येतो म्हणाले. मी "या ना" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो पाळण्याचा. आता ते येणार, पाळणा ढकलणार, ही उठणार. त्यापेक्षा आपणच हळूच नेऊन ठेवावा. म्हणून मी हात पुसले, पाळण्याच्या चाकांची खीळ काढली आणि पायाने आवाज न करता ढकलत तो आतल्या कोपऱ्यात नेला. ईराने ओठ हलवले, पण ती उठली नाही. मी स्वयंपाकघरात येऊन चहाचं आधण ठेवलं.

मग पायांखालची फरशी हलली. आवाज नंतर आला. इतका मोठा होता की तो ऐकला असं म्हणता येत नाही, छातीवर बसला. मी ओट्याला धरून कशी उभी राहिले मला माहीत नाही. फडताळातली भांडी कोसळली आणि हॉलमधून एक लांबलचक, कोणीतरी पोतंभर खडी ओतावी तसा आवाज आला. त्यानंतर एकदम शांतता. कावळेसुद्धा गप्प. मग रस्त्यावरच्या गाड्यांचे भोंगे एकामागून एक वाजायला लागले.

मी गॅस बंद केला. ते कसं सुचलं देव जाणे. हॉलच्या दारात आले तर खिडकी नव्हती. चौकटीचा एक भाग वाकून आत लोंबत होता, नवे पडदे फाटून बाहेर फडफडत होते, आणि खिडकीखाली, जिथे पाळणा असायचा, तिथे भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत काचांचा ढीग. लहान तुकडे नव्हेत. हाताएवढ्या लांब सुऱ्या. सोफ्याच्या पाठीत एक रुतून उभी होती.

कोपऱ्यात पाळणा होता. मच्छरदाणीवर धुळीचा थर. आत ईरा डोळे टक्क उघडून वर बघत होती. मी तिला उचललं तेव्हा तिने श्वास आत घेतला आणि मग जी रडायला लागली, ते रडणं मला इतकं गोड कधी लागलं नव्हतं. मी तिचे हात बघितले, पाय बघितले, डोकं चाचपलं, कपडे काढून पाठ बघितली. काही नव्हतं. एक ओरखडाही नाही.

जिन्यावर पावलं वाजली. सर दारात आले. त्यांची नजर सरळ खिडकीखाली गेली. त्या काचांच्या ढिगाकडे ते बघत राहिले. मी त्यांच्या डाव्या हाताला, कोपऱ्यात खाली बसलेले, त्यांना दिसतच नव्हते. ईराही त्याच वेळी रडता रडता दम घ्यायला थांबलेली. त्या दोन-तीन क्षणांत त्या माणसाचा चेहरा जो झाला तो मला पुन्हा कोणाचा बघावा लागू नये.

"सर," मी म्हटलं. "ती इथे आहे."

त्यांनी मान वळवली. बघितलं. मग भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसले.

"सर, काचा आहेत तिथे."

"असू देत," ते म्हणाले. "तिला काही...?"

"काही नाही. काही झालेलं नाही."

"पुन्हा बघ."

मी पुन्हा बघितलं. त्यांच्यासमोर पुन्हा तिचे हात, पाय, पाठ. ते प्रत्येक वेळी मान डोलवत होते. मग मला त्यांच्या पायांखाली रक्त दिसलं. दारापासून जिन्यापर्यंत पावलं उमटलेली. सर अनवाणी आले होते. खाली त्यांच्या काचा तडकल्या होत्या पण चिकटपट्टीच्या फुल्यांवर तशाच लटकून राहिल्या होत्या, एक तुकडा खाली पडला नव्हता. ते तिथेच बसून राहते तर त्यांना काही झालं नसतं. पण आंबे काढायला पलंगाखाली शिरताना चपला काढून ठेवल्या, आवाज झाला, आणि ते तसेच धावत सुटले. जिन्याची काच वरपासून खालपर्यंत पायऱ्यांवर पसरली होती. तीवरून ते चढून आले.

मी ओढणी फाडून त्यांचा पाय बांधला. एका हातात ईरा, त्यामुळे गाठ नीट बसेना. तेव्हा त्यांनी विचारलं, "पाळणा कोणी सरकवला? वहिनी तर गावी आहेत."

"मीच."

"कधी?"

"तुमचा फोन आल्यावर. तुम्ही येऊन ढकलाल, ही उठेल, म्हणून आधीच नेऊन ठेवला."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होते.

"म्हणजे कारखान्यामुळे नाही. माझ्या वाटेतून बाजूला केलास तिला."

मग मलाही हसू आलं. त्या काचांमध्ये, बाहेर काळा धूर वर चढत असताना, आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो आणि ईरा रडत होती.

पलीकडच्या एका कारखान्यात स्फोट झाला होता. रस्त्यावर सगळी कॉलनी उतरलेली. कोणाच्या कपाळातून, कोणाच्या दंडातून रक्त. त्या दिवशी सगळ्यांचं असं निभावलं नाही. कारखान्यातली आणि आसपासची माणसं गेली. त्यांच्या घरच्यांना आम्ही हॉस्पिटलच्या आवारात बघितलं, आणि आमचं हसू तिथेच संपलं. ते मी विसरून ही गोष्ट सांगत नाही.

सरांच्या तळव्यातून डॉक्टरांनी काच काढली, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. नवरा खोपटहून कसाबसा पोचला. त्याने आधी ईराला घेतलं, मग सरांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. सरांनी शेवटी स्टुलाच्या कडेवरची औषधाची बाटली मोकळ्या हाताने आत सरकवली, तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. म्हणजे आता ते ठीक होते.

थोड्या वेळाने ठाण्याहून मुलगा आणि सून आले. मुलगा डॉक्टरांशी बोलायला गेला. सून माझ्याजवळ बाकावर बसली. माझ्याएवढीच असेल. मी जिच्यावर इतके महिने राग धरलेला ती ही. साधी, घामाघूम झालेली, चपलाही वेगवेगळ्या जोडांतल्या घालून आलेली.

"बाबांनी कधी सांगितलं का तुम्हाला, इकडे का परत आले ते?" तिने विचारलं.

"अडचण होते म्हणाले."

तिने उजवा हात पुढे केला. मनगटाच्या वर कातडीचा एक पट्टा फिकट होता, नीट बघितलं तरच कळेल इतका.

"मी दूध तापवत होते. पातेलं कडेला होतं. बाबांनी ते आत सरकवलं, माझी पाठ होती. मी वळले आणि हात लागला. सगळं दूध हातावर. एवढंच. आठ दिवसांत बरं झालं. पण बाबा त्यानंतर स्वयंपाकघरात आलेच नाहीत. मग हॉलमध्ये हात मांडीखाली घेऊन बसायला लागले. आणि एक दिवस बॅग भरली. काहीतरी सुरी आणि फळी असं बोलत होते. आम्हाला काही कळलं नाही."

मला कळलं. पण मी सांगितलं नाही. सरांनी इतकी वर्षं जे स्वतःपाशी ठेवलं, ते त्यांच्या पाठीमागे मी कशाला बोलू?

"मी त्याच आठवड्यात विसरले हो," ती म्हणाली. "ते विसरत नाहीत. ह्यांनी चारदा जाऊन विनवलं. येतो म्हणतात आणि येत नाहीत."

मुलगा औषधं घेऊन आला. सून उठली आणि सरांच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली.

"बाबा, घरी चला."

"अगं, टाके आहेत. तुम्हाला त्रास. मी इथे..."

"इथे काय? जिन्यावर काचा आहेत, पाय टेकता येत नाही. कोण बघणार?"

"मी करीन काहीतरी. तिथे माझ्यामुळे उगाच..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि तिच्या हाताकडे बघितलं.

तिने तो हात मागे घेतला नाही. तोच त्यांच्या काखेत घातला. "धरा मला. लंगडत चला. पडलात तर दोघं पडू."

सर माझ्याकडे बघत होते. माझ्याकडून त्यांना काय हवं होतं मला माहीत नाही. मी म्हटलं, "जा ना सर. आंबे मी पोचवते." एवढंच सुचलं. ते उठले.

खिडकी बसायला, भिंती दुरुस्त व्हायला पावसाळा लागला. सासूबाई गावाहून आल्या त्या दिवशी त्यांनी हॉलमध्ये उभं राहून खिडकीकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे बघितलं, ईराला कडेवर घेतलं आणि "सरांकडं जाऊन येऊ," म्हणाल्या. त्यांनी चिरोटे केले. एका रविवारी आम्ही सगळे ठाण्याला गेलो.

सुनेने दार उघडलं. सर सोफ्यावर होते, पाय बरा झालेला. थोडे जाड झालेले. सासूबाईंनी आणि त्यांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला आणि मग चिरोटे चांगले झालेत की नाहीत यावरच बोलत बसले. मी सुनेबरोबर स्वयंपाकघरात गेले. ती पोळ्या लाटत होती.

"राहिले मग," मी म्हटलं.

"पाय बरा झाल्यावर निघतो म्हणत होते. मी म्हटलं, आधी तुमची बॅग शोधा. मी ती माळ्यावर टाकलेली."

"आणि सरकवणं?"

"चालूच आहे. सकाळी माझा चष्मा फ्रिजवर सापडला. मी ओरडते, ते ओरडतात. आधी ते गप्प बसायचे ना, तेच मला जड जायचं. आता चांगलं कडाडून भांडतात. काल तर इतकं झालं की शेजारच्या वहिनी दार वाजवून विचारून गेल्या."

"मग?"

तिने पोळी तव्यावर टाकली.

"मग काय," ती म्हणाली, "जेवायला बसलो सगळे."